'मॉन्स्टर हंटर फ्रीडम युनाइट'वरील टीका कितपत रास्त होती?

प्रश्न :
पीएसपी या सोनीच्या हातात धरून खेळायच्या यंत्रावरचा, अजस्र श्वापदांची शिकार करण्याचा कॅपकॉम कंपनीचा गेम 'मॉन्स्टर हंटर फ्रीडम युनाइट' मी सध्या खेळत आहे. हा गेम २००८ मध्ये जपानात आला आणि तिथे त्याच्या लक्षावधी प्रती खपल्या. २००९ मध्ये युरोप-अमेरिकेत आल्यावर मात्र समीक्षकांनी त्याच्या आवाक्याचे कौतुक करतानाच कॅमेरा (म्हणजे पडद्यावरचे दृश्य फिरवण्याची सोय), काठिण्य आणि ऑनलाइन सोयीचा अभाव यांवर बोट ठेवले. जाणकारांना ही टीका पटते का?

उत्तर १ :
कॅमेऱ्यापुरती पूर्णपणे पटते. पीएसपीला एकच ॲनालॉग स्टिक (अंगठ्याने फिरवायची दांडी) असल्यामुळे कॅमेरा डी-पॅडवर, म्हणजे चार दिशांच्या बटणांवर गेला. डाव्या अंगठ्याने शिकाऱ्याला पळवत असतानाच त्याच हाताची तर्जनी वाकवून डी-पॅड दाबण्याची 'क्लॉ' पकड खेळाडूंनी शोधली खरी, पण तिने हात भरून येतो. नार्गाकुगा हे चपळ श्वापद एका झेपेत नजरेआड होते, तेव्हा ही उणीव फार जाणवते.

उत्तर २ :
कॅमेऱ्याबाबत दुमत नाही. हालचालींच्या संथपणालाही दोष दिला गेला, तो मात्र मला मान्य नाही. औषध प्यायल्यावर शिकारी दोन्ही हात उंचावून क्षणभर उभा राहतो, आणि टिग्रेक्ससारखे श्वापद नेमके तेव्हाच अंगावर येते. म्हणून औषध केव्हा प्यावे हा निर्णयही लढाईचाच भाग ठरतो. श्वापदाची किती शक्ती उरली हे दाखवणारी पट्टी पडद्यावर नसते. ते लंगडू लागले की ओळखायचे. इतके बारीक निरीक्षण करायला लावणारे ॲक्शन गेम त्या काळी हँडहेल्डवर फारच थोडे होते, आणि घाईघाईत लिहिलेल्या परीक्षणांत या गुणाला न्याय मिळाला नाही, असे मला मनापासून वाटते.

उत्तर ३ :
माझ्या मते जपान आणि युरोप-अमेरिका यांच्या प्रतिसादातला खरा फरक खेळण्याच्या परिस्थितीत आहे. या गेमची रचना ॲड-हॉक जोडणीने (इंटरनेटविना यंत्रे थेट एकमेकांना बिनतारी जोडून) जवळ बसून खेळणाऱ्या चौघांसाठी आहे, आणि जपानात मित्रमंडळी खरोखरच अशी जमत असत. ज्याच्या आसपास दुसरा पीएसपीवाला नाही, त्याला तीच शिकार एकट्याने, कितीतरी अधिक वेळ खर्चून करावी लागते. मदतीला या आवृत्तीत फेलाइन नावाचे लढणारे मांजर दिले आहे, पण ते तीन माणसांची जागा भरून काढू शकत नाही. त्यामुळे गेम कंटाळवाणा असल्याची जी तक्रार झाली ती प्रामाणिक होती, तरी ती एकट्याने खेळल्याची तक्रार होती. आपण निदान एक जोडीदार मिळवून टिग्रेक्सची शिकार करून पाहावी आणि मगच मत बनवावे. लोडिंगचा वेळ कमी करण्यासाठी मेमरी स्टिकवर डेटा इन्स्टॉल करण्याची सोय गेममध्येच आहे. ती आधी वापरावी.