पियानोच्या प्राथमिक रचनासंग्रहाचा क्रम कसा लावावा?

प्रश्न: नवशिक्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या पियानोच्या छोट्या रचना पुस्तकरूपाने प्रकाशित करण्यापूर्वी त्यांचा चढता क्रम कशाच्या आधारे ठरवावा?

उत्तर: हंगेरियन संगीतकार बेला बार्टोक यांचा ‘मिक्रोकॉसमॉस’ हा पियानो-रचनासंग्रह अवश्य अभ्यासावा. १९२६ ते १९३९ या काळात रचलेल्या आणि १९४० मध्ये सहा खंडांत प्रसिद्ध झालेल्या या १५३ रचनांच्या आरंभी दोन्ही हात एकच सुरावट वेगवेगळ्या सप्तकांत वाजवतात, बोटे पाच स्वरांवरच राहतात आणि हातांना स्वतंत्र काम नंतर मिळते. ही शिस्त मला फार मोलाची वाटते.

दुसरे उत्तर: बोटांचे क्रमांक छापावेत; लहान हातांना एका हाताने पूर्ण सप्तक गाठण्याचा ताण देऊ नये.

तिसरे उत्तर: दुसऱ्याची धून घेतली असल्यास हक्क तपासावेत, कारण भारतात संगीतकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो.