आईचा अल्झायमर: रिसर्चमध्ये भाग घेतलेलं कोणी आहे का? मदत हवी आहे

काल आईने चष्मा हातात धरून मलाच विचारलं, हे काय असतं गं, आणि मला काही बोलताच येईना. रात्री वाचत बसले तर कळलं की अमेरिकेत २००४ पासून एडीएनआय म्हणून अल्झायमरच्या संशोधनाचा प्रोजेक्ट चालू आहे, त्यात पेशंटचे मेंदूचे स्कॅन, रक्ताचे, पाठीच्या कण्यातल्या पाण्याचे रिपोर्ट जगभरच्या संशोधकांना वापरायला देतात. हे मला फार पटलं, अमायलॉइड आणि टाऊ (या आजारात मेंदूत साठणारी प्रथिनं), जीन्स, एवढं सगळं एकट्या लॅबला झेपणारच नाही. तर कोणाच्या घरच्यांनी अशा अभ्यासात भाग घेतलाय का? पेशंटला स्वतःला नीट कळत नसेल तर संमती कोण देतं? पाठीतून पाणी काढताना खूप दुखतं का? आणि सांभाळणाऱ्यांच्या झोपेवर कोणी काम करतंय का तेही सांगा, ती रात्री ३ ला उठून दाराची कडी काढत बसते.