मदत हवी आहे: दोन चंद्र आणि ओहोटीची वाट

कादंबरीतल्या जगाला दोन चंद्र दिलेत. थोरल्याची पौर्णिमा दर 32 दिवसांनी, धाकट्याची दर 20 दिवसांनी. दोन्ही एकत्र 160 दिवसांनी. एक्सेलमध्ये प्रत्येक प्रसंगापुढे दिवसाचा क्रमांक आहे, भागून उरलेल्या बाकीवरून कला कळते. मध्यरात्री डोक्यावर चंद्रकोर, ही ठरलेली चूक त्यामुळे टळते.

घोडं अडलंय भरतीपाशी. किल्ला खाडीत आहे, वाट फक्त सर्वांत मोठ्या ओहोटीला उघडी पडते. ती उधाणाच्या दिवशी, म्हणजे भरती-ओहोटी सर्वांत मोठी असते तेव्हा, येते. उधाण पौर्णिमेसारखं अमावास्येलाही येतं, म्हणजे चक्रं 16 आणि 10 दिवसांची धरायची. मग मोठा योग 160 नव्हे, 80 दिवसांनीच येतो. शिवाय 30-32 आणि 48-50 या दिवसांतही दोन्ही उधाणं दोनच दिवसांच्या फरकाने येतात. तेव्हाही वाट उघडली तर वेढ्याचं सगळं कथानक कोसळतं!

धाकट्याचं चक्र छोटं, म्हणजे तो जवळ; त्यामुळे वस्तुमान सारखं असेल तर भरतीवर त्याची ओढ थोरल्याच्या सुमारे अडीचपट. धाकट्याचं वस्तुमान किती कमी करावं, म्हणजे हे अर्धवट योग वाट उघडायला अपुरे पडतील? की कालावधीच बदलू? 32 ऐवजी 34 घेतले तर मोठा योग 170 दिवसांवर जातो, पण मधले जवळचे योग तरीही उरतातच.