वडिलांच्या नडग्यांची खाज, क्रीम लावूनही कोरडेपणा तसाच. कुठलं क्रीम घ्यावं?

गोदाकाठ
वडील ७९ वर्षांचे, मुक्काम नाशिक. दिवाळी सरली की नडग्यांना खाज सुटते, मग कंबर आणि पाठ. आता नडगीवर आटलेल्या तळ्यातल्या चिखलासारख्या बारीक भेगा पडल्यात, मधेमधे लाली आहे. पायमोजे काढले की कोंडा झडतो. रात्री पांघरुणात शिरले की खाज वाढते.
सकाळी कडकडीत पाण्याच्या दोन बादल्या, अंगभर साबण, पाण्यात झाकणभर अँटिसेप्टिक. खसखसून अंग पुसणं, कपडे, पूजा, चहा आणि मग क्रीम. ५० ग्रॅमची ट्यूब तीन आठवडे पुरते. कॅलामाइनही लावून झालं. मधुमेह आणि बीपीच्या गोळ्या चालू आहेत, त्यात अम्लोडिपिन आहे. कुठलं क्रीम चांगलं? की खोबरेल पुरेल?

मलमपट्टी
क्रीम कुठलं हा नंतरचा प्रश्न. ५० ग्रॅम तीन आठवडे म्हणजे दिवसाला अडीच ग्रॅमसुद्धा नाही. एवढ्यात एक पायही नीट होत नाही.

माप असं धरा: तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेषेपर्यंत ट्यूबमधून पिळलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. ती दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. एका पायाला अशी सहा पेरं, पावलाला दोन, हाताला तीन, पंजाला एक, पाठ-कमरेला सात. दोन्ही हातपाय आणि पाठ धरली तर एका वेळेला ३१ पेरं, म्हणजे साडेपंधरा ग्रॅम. दिवसातून दोनदा लावलं तर आठवड्याला २०० ग्रॅमच्या वर जातं. तेव्हा ट्यूब सोडा, ४००-५०० ग्रॅमचा डबा किंवा पंपाची बाटली आणा. डबा असेल तर कोरड्या स्वच्छ चमच्यानेच काढा. रोज बोटं घातली की आतलं क्रीम दूषित होतं.

दुसरी चूक वेळेची. आंघोळीत त्वचा पाणी पिते आणि बाहेर आलं की ते पाणी भराभर उडून जातं. उतारवयात त्वचेतलं स्निग्ध द्रव्य कमी झालेलं असतं, त्यामुळे ते अडवायला काही उरत नाही. नडगीवर तैलग्रंथी मुळातच कमी, म्हणून सुरुवात तिथून होते. पंचा अंगाला नुसता टिपा आणि तीन मिनिटांच्या आत, अंग ओलसर असतानाच क्रीम लावा. पूजा आणि चहा त्यानंतर. लावताना केसांच्या दिशेने, वरून खाली हात फिरवा. उलटं चोळलं की केसांच्या मुळाशी पुटकुळ्या येतात.

आता क्रीम. वेष्टनावर व्हाइट सॉफ्ट पॅराफिन, लिक्विड पॅराफिन, ग्लिसरीन ही नावं शोधा आणि वास नसलेलं घ्या. लोशनमध्ये पाणीच जास्त, या नडग्यांना ते पुरणार नाही. रात्री नडग्यांवर साधी पेट्रोलियम जेली लावा, चिकट वाटते पण तिच्याइतकं पाणी दुसरं काही रोखत नाही. १० टक्के युरियाचं क्रीम उत्तम, मात्र भेगा मिटल्यावर. आत्ता लावलंत तर आग होईल आणि वडील पुन्हा कुठल्याच क्रीमला हात लावू देणार नाहीत. २० टक्क्यांच्या वरचं युरिया फक्त टाचांसाठी.

पंचा_आणि_तांब्या
वरच्या उत्तराला जोडून आंघोळीबद्दल. पाण्यातलं अँटिसेप्टिक आजच बंद करा, त्याने फक्त जळजळ वाढते. एक बादली पुरे, आणि पाणी कोपर बुडवल्यावर कोमट लागेल इतपतच. पाच ते दहा मिनिटांत आटपा. साबण काखा, जांघा आणि पावलांनाच, तोही सौम्य सिंडेट वडी (साबणासारखीच दिसणारी, पण साबण नसलेली वडी). नेहमीच्या साबणाचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) ९-१०, त्वचेचा ५ च्या आसपास. बाकी अंगाला पाणी पुरतं, घाम कितीसा येतो या दिवसांत!

खोबरेल चालेल, पण ओल्या अंगावर आणि क्रीमच्या जोडीला. तेलात पाणी नसतं, ते आतलं पाणी झाकून धरतं एवढंच. मोहरीचं आणि ऑलिव्हचं तेल नको, दोन्हींनी त्वचेचा थर आणखी बिघडतो. आधी तेल लावून मग साबणाने खरडून काढणं म्हणजे केलेलं कमावलेलं पाण्यात. उटणं या हिवाळ्यात राहू द्या. कॅलामाइनचं पाणी उडालं की मागे भुकटी राहते आणि ती कोरडी त्वचा आणखी सुकवते.

मधुमेह आहे म्हणून विशेष: पायाच्या बोटांच्या बेचक्यांत क्रीम लावू नका. तिथे ओल साचून बुरशी धरते. बेचक्या कोरड्याच हव्यात.

रात्रपाळी
दोन धोक्यांकडे घरात कुणाचं लक्ष जात नाही.
पहिला, घसरणं. तळव्यांना क्रीम लावून फरशीवर चालू देऊ नका. खुर्चीत बसवून शेवटी पावलांना लावा, मग सुती मोजे. न्हाणीघरात लावायचंच असेल तर खाली रबरी पट्टी हवी, आणि फरशी नंतर धुऊन घ्या.
दुसरा, आग. पॅराफिन असो वा नसो, क्रीम कपड्यांत आणि चादरीत मुरत जातं आणि असा कपडा झटकन पेटतो. धुतल्यावरही ते पूर्ण निघत नाही. वडील पूजा करतात म्हणालात. समई-निरांजनाजवळ सैल बाही, उपरणं नको. विडी, गॅस, शेगडी यांनाही हाच नियम.
बाकी नखं बारीक कापा, लोकरीच्या आत सुती घाला. खाज उसळली की थंड पाण्यात पिळलेला पंचा दाबून धरा आणि लगेच क्रीम.

पेर_मोजा
लालीसाठी दुकानातून 'खाजेचं मलम' आणू नका. त्यात बहुधा तीव्र स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. म्हाताऱ्या त्वचेला ते आणखी पातळ करतं. भेगांभोवतीच्या लालीला थोडे दिवस सौम्य किंवा मध्यम स्टेरॉइड लागतंही, पण ते डॉक्टरांनी बघून द्यायचं. गुंगी आणणाऱ्या जुन्या पिढीच्या खाजेच्या गोळ्याही (अँटिहिस्टामिन) टाळा: कोरडेपणाच्या खाजेवर उपयोग थोडा, आणि गुंगी, गोंधळ, पडणं, लघवी अडणं हे वरून.

वर सांगितलेलं दोन आठवडे नीट करून फरक नसेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. औषधांची यादी न्या. अम्लोडिपिनच्या गटातल्या गोळ्यांनी वृद्धांना इसबासारखं पुरळ येऊ शकतं. मधुमेहाच्या ग्लिप्टिन गटातल्या (औषधाच्या नावाच्या शेवटी 'ग्लिप्टिन' असलेल्या) गोळ्यांवर असताना फोड आले तर लगेच जा. स्वतःहून गोळी मात्र बंद करू नका. पुरळच नाही आणि सगळं अंग खाजतंय, असं असेल तर हिमोग्लोबिन, किडनी, लिव्हर, थायरॉइड तपासतात. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती खाज आणि घरात आणखी कुणी खाजवत असेल तर खरूज धरून चाला. तिथे क्रीमने काही होत नाही आणि उपचार घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी घ्यावे लागतात.

गोदाकाठ
सगळ्यांचे आभार. आजच डबा आणला. पण नुसत्या पॅराफिनच्या क्रीमनेही भेगांवर चुरचुरतंय म्हणतात.

मलमपट्टी
वेष्टनावर प्रॉपिलीन ग्लायकॉल, लॅक्टिक अॅसिड किंवा सुगंध आहे का बघा. असेल तर तो डबा बिनभेगांच्या जागी वापरा आणि भेगांवर चार-पाच दिवस फक्त पेट्रोलियम जेली लावा. तिच्यात पाणी नाही, परिरक्षक (टिकण्यासाठी घातलेलं रसायन) नाही, झोंबायला काही नाहीच. तरी चुरचुरलं, किंवा भेगेतून पाणी, पू येऊ लागला, भोवती गरम लागू लागलं, तर मधुमेह बघता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.