अनुभव धागा: जुन्या गावठाणात, पेठांत गाडी कुठे लावता?

मुठाकाठची
काल नाशिकहून भाच्याचा फोन आला. "मावशी, बस्ता काढायला लक्ष्मी रोडला येतोय सगळे. आजीपण आहे. गाडी दुकानापर्यंत येईल ना?" फोन ठेवला आणि बाबांची फियाट आठवली. सदाशिव पेठेत आत्याच्या वाड्यापुढे, दिंडी दरवाज्याला लागून ते ती उभी करायचे आणि रात्री जेवूनखाऊन निघेपर्यंत तिला कोणी हात लावायचं नाही. तो वाडा पडून इमारत झाली, बिऱ्हाडं वाढली, प्रत्येकाच्या गाड्या आल्या. रस्ता मात्र तेवढाच राहिला.

भाच्याला सांगितलं ते असं: मंडईजवळ पालिकेची दोन वाहनतळं आहेत, बाबू गेनू आणि मिसाळ. स्वारगेटकडून बाजीराव रोडने यायचं, विश्रामबागवाड्यापाशी आजीला आणि एका बाईमाणसाला उतरवायचं आणि ज्याच्या हातात गाडी आहे त्याने एकट्याने वाहनतळ गाठायचं. सगळ्यांना घेऊन जागा शोधत फिरायचं नाही. शिवाजी रोड स्वारगेटकडे एकेरी, बाजीराव रोड शनिवारवाड्याकडे एकेरी. एक वळण हुकलं की पूर्ण वळसा पडतो आणि मागे बसलेली म्हातारी माणसं उन्हात शिजतात.

माझं मत ठाम आहे. पेठेत चारचाकी न्यायची ती फक्त ज्याला पायी चालणं झेपत नाही त्याला उतरवायला. तुम्ही काय करता? पुण्याबाहेरचेही सांगा.

ताम्हण
सकाळी दहाला पोचा, जागा मिळते. बाराला पोचलात तर गाडीतच बसा. कुकर लागलाय, नंतर येते.

पेठकर_काका
मिसाळ वाहनतळ म्हणजे आमची आर्यन टॉकीज हो! त्या जागेवर आता गाड्या लागतात. आमचे वडील तिथे पौराणिक चित्रपट बघायचे. मंडईची इमारत 1886 ची, तेव्हा नाव रे मार्केट. भाजी आणायला बैलगाड्या यायच्या त्या काळची आखणी आहे ती. तिथे मोटारी मावत नाहीत यात मोटारवाल्यांचा दोष नाही आणि पेठेचाही नाही.

बागेश्री
काका, आर्यनबद्दल अजून लिहा ना. वेगळा धागा काढा.

साधा_माणूस
आम्ही चिंचवडचे. गाडी घरीच. पिंपरीहून मेट्रो, थेट मंडई, मधे बदलायची नाही. सप्टेंबर 2024 ला स्वारगेटपर्यंतचा भुयारी मार्ग सुरू झाला तेव्हापासून बायको महिन्यातून तुळशीबाग करते, मला विचारतही नाही. मंडईला उतरलं की सरकता जिना आहे, लिफ्ट आहे, आईच्या गुडघ्यांना त्रास नाही. वनाजकडून येणाऱ्यांना जिल्हा न्यायालयाला गाडी बदलावी लागते, पण तीही आतल्या आतच.

मुठाकाठची, नाशिककरांना हेच सांगा. चाकणवरून येणार ना ते? मग गाडी पिंपरीत कोणा नातेवाइकाकडे लावून पुढे मेट्रो.

मुठाकाठची
आहे की, नणंद आहे पिंपरीत! हे सुचलंच नव्हतं. पण येताना साड्यांची बोचकी घेऊन मेट्रोत? सगळा बस्ता असेल.

साधा_माणूस
दुकानदार घरपोच देतात आता. विचारून घ्या.

कोकणकन्या७
सम-विषम तारखांचे बोर्ड कोणी नीट वाचतं का? पी-१ म्हणजे विषम तारखेला लावायची, पी-२ म्हणजे सम. बाहेरगावच्या माणसाला हे कळत नाही. माझ्या दिराच्या गाडीला जामर लागला होता, दोन तास गेले. लग्नाला यायचं होतं त्यांना. नवरदेवाचा मामा बोहल्याऐवजी रस्त्यावर 🙁

ताम्हण
आई गं. मग मंगलाष्टकं?

कोकणकन्या७
थांबवली थोडा वेळ. गुरुजी भले होते.

गोदाकाठ
नाशिकवाल्यांच्या वतीने मी लिहिते. आमच्याकडे पंचवटीत यायचं तर लोक गाड्या सरळ गोदाघाटावर लावतात. मोकळी फरशी दिसते ना. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की तीच जागा नदीची असते. दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं त्यावर आम्ही पुराचा अंदाज बांधतो. जुलै ते सप्टेंबर कृपा करून घाटावर गाडी लावून कपालेश्वराला किंवा काळारामाला जाऊ नका. दर्शनाची रांग लांबली तर तुम्हाला खाली काय चाललंय ते कळणारही नाही. वर लावा, उतरून चालत जा.

पेठकर_काका
अगदी हेच आमच्या भिडे पुलाजवळ. नदीपात्रातली जागा फुकट आणि पेठांना जवळ, म्हणून लोक लावतात. खडकवासल्यातून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की पात्रातली गाडी आधी हलवायची, खरेदी नंतर. पालिकेची माणसं ओरडून सांगत असतात, पण मालक तुळशीबागेत, ऐकणार कोण?

बागेश्री
यावर एक साधा उपाय: काचेमागे मोबाइल नंबरची चिठ्ठी ठेवा. आम्ही नेहमी ठेवतो. कोणाला गाडी काढायची असली तर फोन येतो, भांडण होत नाही.

करवीरकर
कोल्हापूरला अंबाबाईला येणाऱ्यांनी बिंदू चौकात लावा. तटबंदीचा उरलेला भाग दिसतो, तिथंच. तिथनं देऊळ चालत दहा मिनटं, वाटेत भवानी मंडप. आत महाद्वार रोडला गाडी घालू नका राव, ते आमचं चालायचं आणि चपला घ्यायचं ठिकाण हाय. नवरात्रात आत काहीच सोडत नाहीत, दसरा चौकाकडं लावून चालायची तयारी ठेवून या. म्हाताऱ्या माणसाला रिक्षा करा. आमचे रिक्षावाले देवळाला आलेल्या माणसाला हात धरून उतरवतात, हे मी बघितलेलं सांगतोय.

ताम्हण
करवीरकर, चपला कुठल्या दुकानात चांगल्या मिळतात? जावयाला घ्यायच्यात. नऊ नंबर.

करवीरकर
दुकानाचं नाव न्हाई सांगत, सगळे पाव्हणेच आमचे. हातात घेऊन वाकवून बघा, कर्रकर्र वाजली पायजे आणि शिलाई चामड्याच्या वादीची पायजे.

दूरदेशी
इटलीतून लिहितोय. फ्लोरेन्सच्या जुन्या भागात परवान्याशिवाय गाडीच चालत नाही. वेशीवर कॅमेरे आहेत, पाटीवर झेड-टी-एल लिहिलेलं असतं. नंबरप्लेटचा फोटो निघतो आणि काही महिन्यांनी भाड्याची गाडी देणाऱ्यांमार्फत घरी पत्र येतं. हॉटेल त्या भागात असेल तर त्यांना आधी गाडीचा नंबर कळवायचा, ते नोंद करून देतात.

आईबाबा आले होते तेव्हा आम्ही महामार्गालगत व्हिला कोस्तान्झा नावाचं वाहनतळ आहे तिथे गाडी ठेवली. तिथूनच ट्राम निघते, थेट जुन्या शहराच्या तोंडाशी सोडते. बाबा दिवसभर म्हणत होते, असं कात्रजला किंवा वाकडला का नाही? हमरस्त्यावरून उतरलं, गाडी ठेवली, ट्राममध्ये बसलं. मला त्यांचं म्हणणं फार पटलं. शहराच्या पोटात अजून एक वाहनतळ बांधलं की अजून गाड्या आत येतात. वाहनतळ वेशीवर हवं.

साधा_माणूस
दूरदेशी, शंभर टक्के. दिवाळीच्या तोंडावर मंडईत बघा, वाहनतळापेक्षा वाहनतळाबाहेरची रांगच रस्ता अडवते.

मांडवी
पणजीला पाट्टोवर बहुमजली पार्किंग आहे. तिथे ठेवून खाडीवरच्या पादचारी पुलाने पलीकडे गेलं की फोंताइन्हास, रंगीत जुन्या घरांची वस्ती. पर्यटक मात्र गाडी त्या गल्लीत घालतात, रंगीत भिंतीसमोर लावून फोटो काढतात. आतल्या घरांत म्हातारी माणसं राहतात हो, दारातून बाहेर पडायला वाट नसते.

कोकणकन्या७
मांडवी, वाचून वाईट वाटलं. आमच्या माहेरी देवळाच्या गल्लीतही तेच. एकदा ॲम्ब्युलन्स अडकली होती.

पेठकर_काका
हे सगळ्यात महत्त्वाचं. गणपतीत आमच्या गल्लीत मंडळाची पोरं पहारा ठेवतात, गल्लीच्या तोंडाशी एकही गाडी लावू देत नाहीत. शेजारच्या आजोबांना रात्री नेता आलं ते त्यामुळे. ती पोरं ढोल वाजवतात म्हणून नावं ठेवणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं.

मुठाकाठची
काका, नमस्कार सांगा त्या पोरांना. भाच्याला कळवलं, पिंपरीला नणंदेकडे गाडी ठेवून मेट्रोने येतायत. आजीसाठी मंडईच्या जिन्याजवळ मी स्वतः रिक्षा घेऊन उभी राहणार.

सारसबागेजवळच्या पेशवे पार्क वाहनतळाचा ताजा अनुभव आहे का कोणाला? रविवारी मला पर्वतीला चुलत सासूबाईंना घेऊन जायचंय.

ताम्हण
रविवारी संध्याकाळी नको. भेळ खायला अख्खं पुणं तिथे. सकाळी साडेसातच्या आत जा, पर्वती चढायलाही तेव्हाच बरं. आणि तळ्यातल्या गणपतीला माझा नमस्कार.