चौकार गेल्यावर नाचायला कोच कशाला?

मुक्ता_के: काल इथे एकाने लिहिलं, 'चौकार गेला की गोंडे हलवायचे, त्याला कोच कशाला? पुण्यातल्या मुलींनी कथक शिकावं.' काका, मी बारा वर्षं कथकच केलंय. आणि गेली सहा वर्षं एका क्रिकेट लीग संघाच्या चीअरलीडर मुलींचे नाच बसवते. चौकार कधी जाणार हे बॉलरलाही माहीत नसतं, गाणं डीजेच्या हातात, आणि आपल्याकडे वीसेक सेकंद. म्हणून आठ-आठ काउंटचे तुकडे बसवायचे, कुठल्याही गाण्यावर चालतील आणि कुठेही तोडता येतील असे. टाइम-आउटला अडीच मिनिटं मिळतात, तेवढ्यात अख्खा नाच. प्रत्येकीला शेजारणीची जागासुद्धा पाठ लागते, कारण कुणाचा तरी घोटा मुरगळतोच. फळ्यांचा चौथरा, एप्रिलमधलं गहुंजेचं स्टेडियम, साडेतीन तास हसरा चेहरा. या एकदा.

समेवर_या: मीच तो. शब्द मागे घेत नाही. २०११ मध्ये आयपीएलच्या पुणे वॉरियर्सने शास्त्रीय नाचणाऱ्या 'चीअर क्वीन्स' आणल्या, २०१३ मध्ये संघच गुंडाळला. रोहिणीताई भाट्यांची कथक संस्था नृत्यभारती १९४७ पासून आहे.

मुक्ता_के: संघ फ्रँचायझी फीच्या भांडणात गेला. तिहाई, म्हणजे तीनदा येऊन समेवर संपणारा तुकडा, चुकली म्हणून नाही.

बाणेरकर: करिअर होतं, पण तिकडे अमेरिकेत. डॅलस काउबॉइज या फुटबॉल संघाच्या ज्युडी ट्रॅमेल आधी त्याच संघात नाचल्या, मग अनेक दशकं नाच बसवले. अर्थात तिकडेही मुली उपाशीच. २०१४ मध्ये रेडर्स या दुसऱ्या फुटबॉल संघाच्या मुलींनी वेतनासाठी दावा लावला, तेव्हा कुठे साडेबारा लाख डॉलरवर तडजोड झाली.

ताशा_तर्री: वेतनाचा विषय निघालाच आहे तर ढोल पथकांचंही बोला. पावसाळाभर सराव, पथकाला सुपारी, वादकाला वडापाव. कमरेला ढोल बांधून लक्ष्मी रोड पार करा, मग घोट्याचं सांगा.

ध्वजधारी: पैशासाठी वाजवतो का आपण? बाप्पासमोर हिशेब मांडणारे पथकात नकोतच.

ताशा_तर्री: सुपारी घेताना बाप्पा कुठे असतो? दोन वर्षं हिशेब मागितला, तिसऱ्या वर्षी मला ग्रुपमधून काढलं.

ध्वजधारी: सरावाला दांड्या मारल्यावर काढतातच.

ताशा_तर्री: वडील आयसीयूत होते तेव्हा. लाज वाटू दे जरा.

नदीकाठचा: दोघंही गप्प बसा. मी नदीपात्रालगत राहतो. जुलैपासून संध्याकाळी सातला तुमच्या सरावाने खिडक्यांच्या काचा थरथरतात, बायको मोठ्याने बोलते आणि मला वाटतं भांडतेय.

समेवर_या: कधीकधी भांडतही असेल.

मुक्ता_के: धागा माझा होता. बाणेरकर, तिकडचं कशाला, मला एका हंगामाचे पैसे दिवाळीनंतर मिळाले. मुलींना मी पदरचे दिले होते. तरी पुढच्या वर्षी गेलेच. मूर्खपणा म्हणा हवं तर.

समेवर_या: मूर्खपणाच. बरं, गाणं माहीत नसताना नाच बसवणं अवघड असेल. चक्रदार, म्हणजे तीनदा येणारा लांबलचक तुकडा, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) आणण्याइतकं नाही, पण असेल. माझी भाची विचारत होती, तुमच्या ट्रायल कधी असतात? तिला माझं नाव सांगू नका.

मुक्ता_के: डिसेंबरात. कथकवाल्या मुली आधी घेते, त्यांचे पाय पक्के असतात.

नदीकाठचा: ट्रायल नदीपात्र सोडून कुठेही घ्या.