मदत हवी आहे: आत गेलेला रिसेप्टर परत वर येताना दिसतच नाहीये

मंडळी, तीन आठवडे झाले डोकं आपटतेय, शेवटी इथे विचारते.

पेशीच्या पृष्ठभागावरचा एक रिसेप्टर (बाहेरचे रेणू पकडणारं प्रोटीन) आत ओढला गेल्यावर परत वर येतो का, आणि किती वेळात, हे बघायचंय. बायोटिनवाली पद्धत वापरतेय. प्लेट बर्फावर ठेवून वरच्या प्रोटीन्सना तुटणारं बायोटिन (डायसल्फाइड बंधाने जोडलेली एक छोटी खूण) लावायचं, मग ३७ डिग्रीला २० मिनिटं, जे आत जायचं ते जातं, मग परत बर्फावर आणून वर उरलेलं बायोटिन ग्लुटाथायोनने काढून टाकायचं. ग्लुटाथायोन पेशीत शिरत नाही म्हणून आत गेलेलं सुरक्षित राहतं. निम्म्या प्लेट इथेच लाइज करायच्या (म्हणजे पेशी फोडायच्या), बाकीच्या पुन्हा ३७ ला आणि पुन्हा ग्लुटाथायोन. शेवटी बायोटिन उरलेली प्रोटीन्स वेगळी काढून ब्लॉटवर बघायची, जितकं प्रोटीन तितका बँड (पट्टा) काळा. जो रिसेप्टर वर आला त्याचं बायोटिन गेलं, म्हणजे दुसरा बँड फिका यायला पाहिजे.

येत नाही ना! दोन्ही बँड सारखेच काळेकुट्ट. गाइड म्हणतात रिसायकल होत नसेल, तसं लिहून टाक. मला पटत नाहीये, कारण सायक्लोहेक्झिमाइड टाकून नवीन प्रोटीन बनणं बंद केलं तरी चार तासांनी पृष्ठभागावरचं प्रमाण जवळपास तेवढंच असतं. आत जातोय, नवीन बनत नाहीये, तरी वर कमी होत नाहीये, मग वर येतोय कुठून?

आणि एक बेसिक शंका, हसू नका. परत कोणी जायचं आणि लायसोसोममध्ये (पेशीची पचनाची पिशवी) मरायला कोणी, हे ठरतं कसं? रॅब५, रॅब४, रॅब११, रॅब७ (पेशीतल्या वाहतुकीच्या वाटा सांभाळणारी प्रोटीन्स) वाचून वाचून सगळं एकत्र झालंय.

एंडोसोमप्रेमी: शंका चांगली आहे, हसायचं काय त्यात. आत आलेला माल आधी अर्ली एंडोसोममध्ये (मालाची वाटणी करणारी पिशवी) येतो, तिथे रॅब५. त्या एंडोसोमला एक फुगीर गोळा असतो आणि त्यातून बारीक नळ्या निघालेल्या असतात. नळीत मेम्ब्रेन (पातळ आवरण) भरपूर पण पाणी कमी, त्यामुळे मेम्ब्रेनमधली प्रोटीन्स बहुतेक नळ्यांवाटे निघून परत वर जातात, रॅब४ वाली वाट झटपट आणि रॅब११ वाली लांबची. विरघळलेला माल गोळ्यातच राहतो आणि पुढे रॅब७ वाल्या लेट एंडोसोममधून लायसोसोमला. एलडीएल (कोलेस्टेरॉल वाहणारे कण) पकडणाऱ्या रिसेप्टरचं बघा, आतल्या आम्लात एलडीएल सुटतं, ते लायसोसोमला जातं आणि रिसेप्टर मोकळा होऊन वर. साधारण १० मिनिटांची फेरी, जन्मभरात अशा शंभराहून जास्त. पण पीसीएसके९ नावाचं प्रोटीन चिकटलं तर रिसेप्टरही सोबत लायसोसोमला. आणि ज्याच्या शेपटीला युबिक्विटिन (खुणेचं छोटं प्रोटीन) लागलं, म्हणजे ईजीएफ (पेशीला वाढीचा संदेश देणारं प्रोटीन) धरून बसलेल्या ईजीएफ रिसेप्टरसारखं, त्याला एस्कॉर्ट प्रोटीन्स गोळ्याच्या आतल्या छोट्या पुटिकांमध्ये ढकलतात. तिथून सहसा सुटका नाही. थोडक्यात परत जाण्यासाठी खास चिठ्ठी लागतेच असं नाही, मरायला मात्र बहुतेक वेळा लागते.

बर्फाचीबादली: थिअरी छान, पण ताई, त्याच ब्लॉटवर ट्रान्सफेरिन रिसेप्टर (पेशीत लोखंड आणणारा) बघितला का? तो पण सारखाच दिसतोय का?

प्रश्नकर्ती: हो, तो पण सारखाच. मला वाटलं पेशीच आजारी आहेत.

बर्फाचीबादली: पेशी ठणठणीत असतील. ट्रान्सफेरिन रिसेप्टर लोखंड सोडून १०-१५ मिनिटांत वर येणारा गडी, २० मिनिटांनी तो पण आतच दिसतोय म्हणजे रिसेप्टर वर येतोय पण त्याचं बायोटिन निघतच नाहीये. शून्य मिनिटाची प्लेट केली का? म्हणजे बायोटिन लावलं, ३७ ला ठेवलंच नाही, सरळ ग्लुटाथायोन. ब्लॉटवर त्या प्लेटची लेन (रांग) रिकामी आली पाहिजे. आणि ग्लुटाथायोन कशात विरघळवता?

प्रश्नकर्ती: शून्यवाली केली नाहीये 🙈 ग्लुटाथायोन सलाइनमध्ये, रोज ताजं.

बर्फाचीबादली: नुसतं सलाइन? सोडियम हायड्रॉक्साइड नाही? अहो ग्लुटाथायोन स्वतःच आम्ल आहे. डायसल्फाइड तोडायला त्याचा सल्फर प्रोटॉन सोडून मोकळा व्हावा लागतो, त्यासाठी पीएच ८.५ च्या आसपास हवा. आम्लात ते नुसतं बसून राहतं. पीएच पट्टी बुडवून बघा. मी पण यात एक अख्खा महिना घालवलाय, कोणाला सांगितलं नाही.

प्रश्नकर्ती: (दोन दिवसांनी) पट्टी ३ दाखवते!!! सोडियम हायड्रॉक्साइड घालून ८.६ केला, शून्य मिनिटाची लेन कोरी आली, आणि ट्रान्सफेरिन रिसेप्टरचा दुसरा बँड एकदम फिका. माझ्या रिसेप्टरचा ब्लॉट उद्या लावते. नंतर आयोडोअॅसिटामाइडने उरलेलं ग्लुटाथायोन मारायचं असतं ना, ते लाइज करायच्या आधी की नंतर?

बर्फाचीबादली: आधी, बर्फावरच. नाहीतर पेशी फुटल्या की ग्लुटाथायोन आतलं बायोटिन पण खाईल आणि परत इथे याल 😄